बॉनेटखालचं ज्ञान कुणाचं?

बाईला गाडी चालवता येते, हे आता बहुतेकांनी नाइलाजानं का होईना मान्य केलं आहे. पण गाडी बिघडली की दोष पुन्हा बाईकडेच येतो. टायर पंक्चर झाला तर खिळ्याचा दोष, बॅटरी बसली तर बॅटरीचा; गिअर पडेनासा झाला की मात्र ‘मॅडम, तुम्ही क्लच नीट दाबत नाही.’

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी, १९७४पासून पद्मिनी या नावानं विकली गेलेली. जोहार करणाऱ्या राणीवरून हे नाव दिलं असं सांगतात; नाव बाईचं, बॉनेट पुरुषांचं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिनी अजून थोड्या आहेत. त्या जाणणारे जुने मिस्त्रीही थोडेच उरलेत, म्हणजे आमच्यासारख्यांना स्वतः शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

या गाडीत गिअरची दांडी जमिनीवर नसते, स्टिअरिंगच्या खाली आडवी असते. काही महिन्यांपूर्वी ती सैल झाली. पहिला गिअर शोधावा लागे, तिसऱ्याऐवजी भलतंच काही लागे, मागे घेताना खरखर. गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी गाडी हलवलीसुद्धा नाही. सोबत माझा पुतण्या होता, त्याला गाडी चालवता येत नाही. सगळं बोलणं त्याच्याशी. निदान असं, की बाईमाणूस क्लचवर पाय ठेवून चालवतं, गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल.

गिअरबॉक्स खोलणं म्हणजे मोठा खर्च. आणि तो खोलायच्या आधी करायची एक तपासणी इतकी सोपी आहे, की ती आपल्याला कुणी सांगत नाही याचाच राग यावा. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना दगड लावायचे, इंजिन बंद. क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघायचा. एखादा अडला तर गाडी जराशी पुढेमागे हलवून पुन्हा टाकायचा, कारण आतले दात समोरासमोर आले तरी अडतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर सुरळीत पडतात आणि चालू असताना खरखर होते, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पेडलची मोकळी चाल तपासायची. क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबूनही मागचा गिअर खरखरला, तर संशय आणखी पक्का. उलट इंजिन बंद असतानाही दांडी लुळी पडते, जागा सापडत नाही, तर दोष बहुधा दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्यांत आणि सांध्यांत. तिथे छोटे बुश असतात, ते झिजतात. एकेका सांध्याची ढिलाई केसाएवढी, पण सगळ्यांची मिळून दांडीला वीतभर होते. फक्त दुसऱ्याला घाईनं टाकताना कर्रर्र होतं, बाकी ठीक, तर मात्र आतली सिंक्रोची कडी झिजलेली. तिथे खरोखर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो मुळातच नाही. गाडी धावत असताना तो टाकला तर ओरडणारच, चालवणारी बाई असो की बुवा.

माझ्या गाडीत बुशच निघाले. एकीनं आतून दांडी हलवायची, दुसरीनं बॉनेट उघडून बघायचं, कुठला सांधा हलतो पण पुढची सळी हलत नाही. दोघी मैत्रिणींचं हे एका दुपारचं काम. बुश बदलले, ग्रीस भरलं. (गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका, खाली भक्कम स्टँड हवेच.)

आता मूळ मुद्दा. आपल्या चळवळीनं डॉक्टरांच्या हातातलं शरीराचं ज्ञान बायकांपर्यंत आणलं, वकिलांच्या हातातला कायदा आणला. यंत्र मात्र तिथेच राहिलं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून १९९०च्या आसपास गावातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, हे आपण शिबिरांतून अभिमानानं सांगतो. आपल्या संस्थेची जीप बंद पडली की मात्र कुणाच्या तरी भावाला फोन जातो.

काही मैत्रिणी म्हणतील, मोटार हा मध्यमवर्गीय बायकांचा लाड. पद्मिनीपुरतं हे खरं असेलही. पण रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या बाईला ‘गिअरबॉक्स गेला’ हे खोटं निदान परवडत नाही. तिचा रोजही बुडतो आणि वर चालवता येत नसल्याचा शिक्काही बसतो. बायकांसाठी ड्रायव्हिंगचे वर्ग आपण घेतो, परवाने मिळवून देतो. दुरुस्तीचा तास त्यात का नसतो?

बाईनं यंत्राविषयी बोललेलं ऐकलं गेल्याचं एक उदाहरण फार जुनं आहे. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली, झिजलेल्या ब्रेकला जोडे शिवणाऱ्याकडून चामडं लावून घेतलं. गाडीला गिअर दोनच, चढ चढेना, तिथे ढकलावी लागली. परतल्यावर तिनं सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो बसवला गेला. क्लच नीट दाबत नाहीस, असं तिला कुणी म्हटलं नाही, कारण काय बिघडतं ते तिनं वाटेत हातानं पाहिलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या ड्रायव्हिंगच्या तुकडीपासून प्रत्येक गटानं किमान चार दिवस दुरुस्तीला द्यावेत: क्लच, ब्रेक, तेल, चाक. शिकवायला निवृत्त मिस्त्री मिळतात, मान दिला तर मनापासून शिकवतात. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात वस्तीतल्या मुलींची नावं घालायला आपण पालकांकडे जायला हवं, जसं दहावीच्या परीक्षेसाठी जातो. आणि संस्थेच्या गाडीत पान्यांची पेटी कुठे असते, हे निदान दोघींना तरी माहीत असू दे.