बाबांच्या स्प्लेंडरला दम लागलाय?

सिग्नल हिरवा झालाय. मागून हॉर्नचा भडिमार सुरू आहे आणि तुमची बाईक? नुसतीच खोकतेय. चोक ओढा, किक मारा, थोडी रेस देऊन ठेवा... तोवर सिग्नल पुन्हा लाल! ऑफिसात लेट मार्क, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये ठरलेला डायलॉग, 'साहेब, कार्बोरेटर गेला. नवीनच टाकू.'

थांबा बॉस! पाकीट एवढ्यात बाहेर काढू नका.

१९९४ साली आलेली हिरो होंडा स्प्लेंडर कित्येक घरांत बाबांकडून मुलांकडे आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. तिथे आता सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शन. पण जुन्या गाडीचं एक बरं असतं. तिचा आजार ओळखायला लॅपटॉप लागत नाही. डोळे, कान आणि एक प्लगपाना पुरतो.

फंडा सिंपल आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण कार्बोरेटर करतो, पण त्याला डोकं नसतं. इंजिन जेवढं ओढेल त्या हिशेबाने तो पेट्रोल सोडतो. हवेची वाट बिघडली की हिशेब चुकतो आणि शिव्या खातो बिचारा कार्बोरेटर! म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी हवा, मग पेट्रोल, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी.

सुरुवात प्लगपासून करा. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर मस्त. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरटफटक म्हणजे उलटं. दुसरी खूण चोकची. इंजिन गरम झाल्यावरही अर्धा चोक ओढला की गाडी सुधारते? मग तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय.

काजळी दिसली तर एअर फिल्टर उघडा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, नुसता दाबा. पूर्ण वाळला की फिल्टरचं तेल लावून बसवा. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर झटकत बसू नका, सरळ बदला. चोक पूर्ण परत जातोय ना, तेही बघा.

प्लग पांढरा असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधला जोड तपासा. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की समजा, तिथून हवा घुसतेय. थोडक्या पैशांचं पॅकिंग किंवा रबर बदललं की काम फत्ते. याकडे दुर्लक्ष केलंत तर इंजिन तापत राहतं आणि खर्च पिस्टनपर्यंत जातो. भारी आवाजासाठी फिल्टरचा डबा काढून फेकणाऱ्या हीरोंनीही हे वाचावं!

हवा ठीक निघाली, तरच पेट्रोलकडे वळा. सिग्नलला बंद पडते पण पळताना ठीक असते? संशय स्लो जेटवर. वेगात दम लागतो? मेन जेट बघा. कॉक बंद करा, फ्लोट चेंबरचा खालचा स्क्रू सैल करून साठलेलं पेट्रोल बरणीत घ्या. तळाशी पाणी किंवा गाळ दिसला तर चोर सापडला! जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. आणि हे सगळं मोकळ्या जागेत, सिगरेट लांब ठेवून.

पेट्रोलही आता बदललंय. २०२५ मध्ये देशाने २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. त्यामुळे पाईप आणि ओ-रिंगवर नजर ठेवा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर चेंबर रिकामं करून ठेवा.

आता राहिला तो पितळी मिक्स्चर स्क्रू. हात लावण्याआधी तो हलकेच आत बसवा आणि किती फेरे लागले ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गडबड झालीच तर परत यायचा रस्ता हाच!

एवढं करूनही गाडी हट्टाला पेटली तर खुशाल गॅरेजमध्ये न्या. फक्त 'कार्बोरेटर गेला' म्हटल्याबरोबर मान डोलावू नका. शांतपणे विचारा, 'काका, फिल्टर बघितलात का?' पुढचं बिल बऱ्यापैकी या एका प्रश्नावर ठरतं!