कारकिर्दीच्या तराजूत न बसणारे कर्ज

न्यूयॉर्कच्या वित्तबाजारात शिरलेल्या पदवीधरापुढे यक्षप्रश्न असतो: इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्येच टिकावे, की दोन वर्षांनी प्रायव्हेट इक्विटीकडे वळावे? बँकेत सौदे जुळवल्याची दलाली. पण २०२१ साली गोल्डमन सॅक्सच्या काही नवशिक्या विश्लेषकांनी आठवड्याला सरासरी ९५ तास राबावे लागते, अशी तक्रार केली होती. दुसरीकडे कंपन्या घेऊन विकायच्या आणि नफ्यात, रूढीने २० टक्के, वाटा घ्यायचा. त्यावर अमेरिकेत करही पगारापेक्षा हलका! साहजिकच दूरदर्शी सल्लागारांना हेच पारडे जड वाटते.

वास्तविक ही एकाच सौद्याची दोन टोके आहेत. कर्ज उभारून देण्याची दलाली बँकेची, नफा फंडाचा, आणि कर्ज?

'टॉईज आर अस' ही खेळण्यांची कंपनी २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल व व्हॉर्नेडो यांनी ६६० कोटी डॉलरना घेतली. पैसा बहुतांशी कर्जाऊ, आणि ते कर्ज खुद्द कंपनीच्याच माथी. वर्षाकाठी सुमारे ४० कोटी डॉलर व्याजात जात. ऑनलाइन स्पर्धेने कंपनी बुडवली, असे समर्थक सांगतात. स्पर्धा होतीच, पण दुकाने सुधारण्याचा पैसा सावकाराच्या घरी गेल्यावर तिला तोंड कशाच्या बळावर द्यायचे? २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकानांना टाळे. ३०,००० हून अधिक कामगार भरपाईविना रस्त्यावर आले. त्यांच्या आंदोलनानंतर केकेआर व बेन यांनी २ कोटी डॉलरचा निधी काढला. व्याजापोटी कंपनी तेवढी रक्कम तीन आठवड्यांच्या आतच मोजत असे.