पणजी: आमदार विलीन झाले, मतदार नव्हे

विद्यमान गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपत आहे. निवडणुकीची चाहूल लागली की राजधानीच्या मतदारसंघाकडे सर्वांचे लक्ष वळते. पणजीच्या उमेदवारीची चर्चा राज्यभर रंगते. मात्र या मतदारसंघाने गेल्या काही वर्षांत दिलेला कौल नेमका काय सांगतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो कौल पक्षांतराच्या राजकारणाविषयी बरेच काही सांगणारा आहे.

लहान मतदारसंघ, मोठे नाव

संघप्रदेश असताना गोवा, दमण व दीव विधानसभेत तीस जागा होत्या. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला आणि चाळीस मतदारसंघांची विधानसभा अस्तित्वात आली. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात साधारण तीन लाखांहून अधिक मतदार असतात. पणजीत ते सुमारे बावीस हजार आहेत. येथे आमदार घराघरांत ओळखीचा असतो. मळ्यातला गटार तुंबला किंवा भाटल्यातला पाणीपुरवठा खंडित झाला, तरी लोक थेट आमदाराकडे जातात. साहजिकच पक्षाच्या चिन्हाइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक वजन येथे व्यक्तीला असते.

मनोहर पर्रीकर १९९४ मध्ये पणजीतून प्रथम निवडून आले. त्या निवडणुकीत मगो पक्षाशी युती करून लढलेल्या भाजपने विधानसभेत पहिल्यांदाच पाऊल ठेवले. त्याचे चार आमदार निवडून आले होते. त्यानंतर १९९९, २००२, २००७ आणि २०१२ अशा प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत पणजीने पर्रीकरांनाच कौल दिला. त्यातील किती मते भाजपची आणि किती पर्रीकरांची, हा प्रश्न त्या काळात विचारण्याचे कारणच नव्हते.

एका दशकात सहा वेळा मतदान

२०१२ ते २०२२ या काळात पणजीकरांनी विधानसभेसाठी सहा वेळा मतदान केले. त्यातील तीन सार्वत्रिक निवडणुका होत्या, तर तीन पोटनिवडणुका. पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यामुळे फेब्रुवारी २०१५ मध्ये पहिली पोटनिवडणूक झाली आणि सिद्धार्थ कुंकळ्येकर आमदार झाले. फेब्रुवारी २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही तेच विजयी झाले. मात्र त्या निवडणुकीत काँग्रेसला १७ व भाजपला १३ जागा मिळाल्या आणि मित्रपक्षांच्या पाठिंब्यासाठी पर्रीकरांना मुख्यमंत्री म्हणून परतावे लागले. कुंकळ्येकरांनी जागा रिकामी केली. ऑगस्ट २०१७ च्या पोटनिवडणुकीत पर्रीकरांनी काँग्रेसचे गिरीश चोडणकर यांचा ४,८०३ मतांनी पराभव केला.

१७ मार्च २०१९ रोजी पर्रीकरांचे निधन झाले आणि मे महिन्यात पणजी पुन्हा मतदान केंद्रांवर गेली. काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात यांना ८,७४८, तर भाजपचे कुंकळ्येकर यांना ६,९९० मते मिळाली. १,७५८ मतांच्या फरकाने भाजपची पंचवीस वर्षांची सत्ता संपली. पर्रीकरांच्या नावाविना पक्षाची स्वतःची ताकद किती, याचे उत्तर प्रथमच आकड्यांत मिळाले.

दोन तृतीयांशांचे गणित

ते उत्तर दोन महिनेही टिकले नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपची वाट धरली. मोन्सेरात त्यांतलेच एक. पंधरापैकी दहा म्हणजे नेमके दोन तृतीयांश. घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली, तर ते अपात्र ठरत नाहीत. सभापतींनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. पणजीची जागा पोटनिवडणुकीविना भाजपकडे परत आली.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे मिटले. मतदारांच्या दृष्टीने ते मिटले नव्हते.

न जुळलेली बेरीज

२०१९ ची मोन्सेरात यांची मते आणि भाजपची मते एकत्र केली, तर आकडा १५,७३८ होतो. पक्ष एक झाला, उमेदवार एक झाला, तेव्हा २०२२ ची लढत कागदावर एकतर्फी असायला हवी होती. प्रत्यक्षात भाजपच्या चिन्हावर लढलेल्या मोन्सेरात यांना ६,७८७ मते मिळाली. पक्षाने उमेदवारी नाकारल्यामुळे अपक्ष म्हणून उभे राहिलेले उत्पल पर्रीकर ६,०७१ मतांपर्यंत पोहोचले. फरक अवघा ७१६ मतांचा. काँग्रेसच्या एल्विस गोम्स यांनीही तीन हजारांहून अधिक मते घेतली. उत्पल व गोम्स यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा बरीच मोठी आहे.

या आकड्यांचा अर्थ एकाच बाजूने लावता येणार नाही. तीन वर्षांत पक्ष बदलूनही मोन्सेरात जिंकले, म्हणजे व्यक्तीला मत देणारा मोठा वर्ग त्यांच्यासोबत राहिला, हे मान्य करावे लागेल. मात्र २०१९ मध्ये त्यांना मिळालेल्या मतांपैकी आणि भाजपच्या परंपरागत मतांपैकी बराच भाग या विलीनीकरणात सामील झाला नाही, हेही तितकेच खरे. दहावे परिशिष्ट आमदारांना विलीन होण्याची मुभा देते. मतदारांचे विलीनीकरण घडवण्याची तरतूद त्यात नाही.

असे असूनही सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी तोच मार्ग पत्करला. चाळीस सदस्यांच्या सभागृहात दोन तृतीयांशांचा गट जुळवणे अवघड नसते. लहान विधानसभांत ही तरतूद पक्षांतराला आळा घालण्याऐवजी ते घाऊक प्रमाणात करण्यास उत्तेजन देते, हा गोव्याचा अनुभव आहे.

पणजीकरांच्या हाती मात्र प्रश्न तेच उरतात. मांडवीतील कॅसिनो हलवण्याची ग्वाही निवडणुकीगणिक ऐकू येते. जहाजे अजूनही तेथेच आहेत. अशा प्रश्नांचा जाब आमदाराला विचारायचा, तर तो कोणत्या भूमिकेवर निवडून आला होता, हे निश्चित असावे लागते. भूमिका मध्येच बदलली की जाब विचारण्याचा आधारच निसटतो. येत्या निवडणुकीत पणजीत कोण उभे राहणार, याइतकेच तो निवडून आल्यावर कोठे उभा राहणार, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. ७१६ मतांच्या फरकाने आमदार ठरवणाऱ्या मतदारसंघात तो प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या थोडी असली, तरी पुरेशी ठरू शकते.