गृहशास्त्राच्या गोष्टी : शुभ्र अश्वाचें स्नान

आदिपर्वांतील कद्रू आणि विनता यांची पैज बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. समुद्रमंथनांतून निघालेला उच्चैःश्रवा सर्वांगीं शुभ्र आहे असें विनता म्हणाली. त्याचें शेपूट काळें आहे असें कद्रू म्हणाली. कद्रूच्या सर्पपुत्रांनीं शेपटास विळखे घालून तें काळें भासविलें आणि बिचाऱ्या विनतेस दास्य पत्करावें लागलें. घोड्याच्या शेपटाचा रंग हा विषय आजही निरुपद्रवी झालेला नाहीं. फरक इतकाच कीं, आतां त्यापायीं होणारें दुःख मुक्या जनावरास भोगावें लागतें.

आमच्या बीड जिल्ह्यांत घोड्याचें महत्त्व एके काळीं मोठें होतें. अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ सालीं तें कंटिंजंट हिंदी सैन्यांत सामील करण्यांत आलें. आज घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातींत, जत्रेंत किंवा पालखीपुढें. वरातीस घोडी ठरवितांना आपण सुशिक्षित मंडळीही "पांढरीशुभ्रच पाहिजे, डाग नको" असा आग्रह धरतों. ज्याचें पोट त्या एका जनावरावर चालतें तो घोडेवाला मग धुण्याचा सोडा, भांड्यांची पूड, प्रसंगीं ब्लीचिंग पावडरसुद्धां वापरतो. घरांतल्याच निरुपद्रवी वस्तूंनीं हें काम कसें होतें, तें येथें सांगावयाचें आहे.

अमरकोशांत शुभ्र घोड्यास 'कर्क' हें नांव आहे. परंतु पांढरे दिसणारे सारेच घोडे जन्मतः पांढरे नसतात. बहुतेकांचा जन्म काळ्या किंवा तांबूस रंगांत होतो व वयाबरोबर केस पांढरे होत जातात; कातडी मात्र काळीच राहते. व्हिएन्ना येथील अश्वशाळेंतील प्रसिद्ध लिपिझानर घोडे याच जातीचे. हा पालट कोणत्या आनुवंशिक फरकामुळें होतो हें संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें. याउलट ज्यांस नुकरा म्हणतात त्यांची कातडी गुलाबी असते. हा भेद जाणणें अवश्य आहे. कारण गुलाबी कातडी उन्हानें लवकर पोळते, आणि वयानें पांढऱ्या झालेल्या घोड्यांस उतारवयांत शेपटाखालीं काळ्या गांठी येण्याचा संभव फार असतो. शेपूट धुतांना मुळाशीं हात फिरवून पाहावें. गांठ लागल्यास घरगुती लेप लावीत न बसतां पशुवैद्यास दाखवावें. परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत.

आतां केसाची रचना पाहूं. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, आणि ते कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले असतात. सोडा, राख, चुना यांसारख्या क्षारांनीं हीं कौलें उचलतात. त्या क्षणीं मळ सुटल्यासारखा वाटतो. पण उघड्या फटींतून पुढचा डाग अधिक खोल शिरतो, केस राठ होतो आणि तुटतो. म्हणजे आज सोड्यानें पांढरें केलेलें शेपूट पुढच्या मुहूर्तास अधिकच पिवळें दिसतें, आणि घोडेवाला सोड्याची मूठ वाढवितो.

त्यापेक्षां रिठा शतपट बरा. संस्कृतांत त्यास 'फेनिल' म्हणतात तें यथार्थ आहे. आपल्याकडील विहिरींचें पाणी बहुधा जड. अशा पाण्यांत साबण फाटतो व त्याचा चिकट साका केसांवर बसून ते मळकट दिसतात. रिठ्याच्या फेसास ही बाधा होत नाहीं. दहा-बारा रिठ्यांचीं टरफलें रात्रभर तांब्याभर पाण्यांत भिजवावींत, सकाळीं कुसकरून पाणी गाळून घ्यावें. शिकेकाई सौम्य खरी, पण तिचा काढा तपकिरी असल्यामुळें शुभ्र केसांवर त्याची झांक राहण्याचें भय असतें. रिठ्याचें पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबतें; म्हणून घोड्याचें तोंड केवळ ओल्या फडक्यानें पुसावें.

पाण्याची काटकसर हा आमच्या भागांत धर्मच समजला पाहिजे. २०१६ सालीं मांजरा धरण आटलें तेव्हां लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल? म्हणून पहिला नियम असा कीं, पाणी लावण्यापूर्वीं कोरडा खरारा करावा. काळ्या मातीचा चिखल पूर्ण वाळूं द्यावा, मग झाडावा; ओला चोळल्यास तो केसांच्या मुळाशीं जातो. गुलालही असाच कोरडा झटकून काढावा. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी सारी मान गुलाबी होते.

लग्नसराईंतला खरा वैरी म्हणजे हळद. हळदीचा रंग पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतो. आणि क्षार लागतांच तो लाल होतो. हळदीस चुना लावून कुंकू करीत असत, तें याच गुणामुळें. तेव्हां हळदीच्या डागावर सोडा टाकणें म्हणजे आयाळीस कुंकवाचा मळवट भरणें होय. त्या डागावर प्रथम थोडें खोबरेल चोळावें, तें कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें, मग रिठ्याचें पाणी लावावें, आणि शेवटीं शेपूट सकाळच्या उन्हांत वाळूं द्यावें. हळदीचा रंग उजेडानें आपोआप उडतो. चुकून लाल झालाच तर पातळ शिरक्यानें तो पुन्हां पिवळा होईल, मग हाच क्रम करावा. मेंदी मात्र केसाच्या द्रव्याशींच एकरूप होते. ती धुऊन जात नाहीं, केस वाढेल तेव्हांच जाते.

मूत्राचे व शेणाचे पिवळे डाग जितके जुने तितके हट्टी. त्यांवर रिठ्याचें पाणी पाव तास राहूं द्यावें, हलक्या हातानें चोळून स्वच्छ धुवावें, आणि अर्ध्या बादलीस वाटीभर शिरका घालून त्या पाण्यानें शेवटचें खंगाळावें. शिरक्याच्या सौम्य आम्लानें केसांचीं कौलें मिटतात व चकाकी येते. शिरक्याऐवजीं लिंबू पिळून गुलाबी कातडीचें जनावर उन्हांत उभें करूं नये. कातडीवर चट्टे उठतात. वेळ थोडा असेल तर मक्याचें पीठ डागावर चोळून झटकावें; तेलकट मळ तें शोषून घेतें आणि पाणी मुळींच लागत नाहीं.

निळीविषयीं दोन शब्द. नीळ डाग काढीत नाहीं. पिवळ्यावर निळी छटा पडून डोळ्यांस तो पांढरा भासतो, एवढेंच. बादलीस चार थेंब पुरेत; अधिक झाल्यास वराची स्वारी जांभळ्या घोडीवरून निघेल. माळेगांवच्या खंडोबाच्या जत्रेंत किंवा सारंगखेड्यास घोडा घेणाऱ्यानें मात्र शेपूट ओल्या पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहावें. कद्रूच्या सर्पांची युक्ति उलट्या बाजूनेंही खेळतां येते!

ब्लीचिंग पावडर सर्वथा वर्ज्य समजावी. ती शिरक्यांत मिसळली तर विषारी वायु सुटतो; मूत्रानें भिजलेल्या तबेल्याच्या जमिनीवर टाकली तरी अपायकारक वायु निघतो. घोड्यास व माणसास दोघांसही त्यापासून धोका आहे.

ज्यांच्या घरीं व्हायोलिन आहे त्यांनीं एक लक्षांत ठेवावें. गजास लावलेले दीडशें-दोनशें केसही घोड्याच्या शेपटाचेच असतात. पण त्यांस तेलाचा स्पर्श होतां कामा नये. बोटांच्या घामातेलानेंही राळ धरेनाशी होते. त्यांस रिठ्याचें पाणी न लावतां मऊ कोरड्या फडक्यानें पुसावें आणि अधिक मळल्यास जाणत्याकडून केस बदलून घ्यावेत.

सर्वांत मोठा उपाय धुण्याचा नव्हे, राखण्याचा आहे. तबेल्यांतलें ओलें गवत रोज काढणें, शेपटाची सैल वेणी घालणें व रोज पांच मिनिटें खरारा करणें, इतक्यानें निम्में काम वांचतें. आणि वाचकहो, पुढील लग्नांत घोडी ठरवितांना शेपटावर एखादा पिवळा डाग दिसला तर पैसे कापूं नका. डोळे तेजस्वी, कातडी निरोगी आणि चाल मोकळी असेल तर ती घोडी शुभच आहे. वराच्या मातोश्रींनीं तेवढें मान्य केलें, तर सोड्याचा पुडा घोडेवाला आपण होऊन टाकून देईल.