चापट नको, आधी कारण शोधा

वर्ष-दोन वर्षे सांगून लघवीला जाणारे पाच वर्षांचे मूल एकाएकी दिवसा चड्डी ओली करू लागले, की घरात आधी चापट बसते. वर ‘एवढा मोठा झाला, लाज नाही वाटत?’ हे चारचौघांत. मुद्दाम असे करणारे मूल विरळाच.

हिवरखेडच्या पालकांनी आधी शाळेची मुतारी स्वतः जाऊन पाहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे सांगितली आहेत. पण आत पाणी नाही, दाराला कडी नाही, त्यात बाईंना विचारायची भीती, मग मूल दिवसभर लघवी दाबून धरते आणि घराच्या उंबरठ्यावर ती सुटते. हा दोष मुलाचा कसा?

दुसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते म्हणजे बद्धकोष्ठता. आतड्यात साचलेला कडक मळ मूत्राशयावर दाब देतो. चड्डी ओली होते म्हणून पाणी तोडणे हा तर उलटाच उपाय. त्याने मळ आणखी घट्ट होतो. पाणी भरपूर द्यावे, भाजी-फळे द्यावीत, दर दोन-तीन तासांनी घाई न करता लघवीला बसवावे. घरात धाकटे बाळ आल्यावरही असे होते. तेव्हा थोरल्याला जवळ घ्यावे.

लघवीला आग किंवा ताप असेल तर लघवी तपासून घ्यावी. सारखी तहान, वारंवार लघवी आणि उतरते वजन हे मधुमेहाचे लक्षण असू शकते. रक्तातील साखर त्याच दिवशी तपासावी, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.