वॅटचा आकडा मोठा, कानाचा हिशेब वेगळा

गणपतीच्या दोन-तीन महिने आधीपासून लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात साऊंडवाल्यांची खरेदी सुरू होते. कोणी सोलापूरला जातो, कोणी लातूरला. कोणी मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या ‘पाम एक्स्पो’ प्रदर्शनातल्या नव्या मॉडेलचा व्हिडिओ मोबाइलवर पाहून आगाऊ रक्कमही देऊन टाकतो. पूर्वी एक अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि झाडाला बांधलेले दोन कर्णे एवढ्यावर गावाचे काम भागत असे. आता पॉवर्ड स्पीकर आले आहेत. ॲम्प्लिफायर खोक्याच्या आतच असतो, वायरचे जंजाळ कमी होते, वजनही हलके. मंडळे, सप्ताह समित्या आणि मंगल कार्यालये ते घेत आहेत, आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की आज जाहीर झालेला स्पीकर चांगला आणि टिकाऊ आहे हे आजच कसे ठरवायचे?

प्रामाणिक उत्तर असे, की ते आज ठरवता येत नाही. वैद्यकशास्त्राने हा धडा महागात शिकला आहे. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीवरचे औषध १९९९ मध्ये मोठ्या गाजावाजात बाजारात आले. त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो हे स्पष्ट झाल्यावर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले. माहितीपत्रक तेव्हाही गुळगुळीत कागदावरच छापलेले होते. स्पीकरची जाहिरात हेही एक माहितीपत्रकच. ते खोटेच असते असे नाही, पण त्यात काय लिहायचे आणि काय गाळायचे हे विकणारा ठरवतो.

पहिला चकवा वॅटचा. खोक्यावर ‘२००० वॅट’ असे ठळक छापलेले असते. हा बहुधा ‘पीक’ आकडा असतो, म्हणजे क्षणभर मिळणारा जोर. तासन् तास मिळणारा, ‘आरएमएस’ किंवा सततचा वॅट अनेकदा त्याच्या निम्मा किंवा चौथाईच असतो. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दसपट ताकद लागते. हजार वॅटच्या जागी दोन हजारांचा स्पीकर घेणाऱ्याने जास्तीचे पैसे कशाचे दिले, याचा विचार करावा.

दुसरा चकवा कमाल आवाजाचा. ‘१३० डेसिबल’ हा आकडा स्पीकरपासून एक मीटरवरचा असतो आणि तोही बऱ्याचदा मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यातच तास-दोन तास वाजल्यावर आतली कॉइल तापते, तिचा विद्युतरोध वाढतो आणि आवाज आपोआप दबतो. मराठवाड्याच्या उन्हात काळे खोके दिवसभर तापत असेल, तर हा फरक आणखी जाणवतो. वातानुकूलित दालनातल्या पाच मिनिटांच्या डेमोत यातले काहीच दिसत नाही.

तिसरा चकवा आपल्याच कानाचा आहे. दोन स्पीकर शेजारी ठेवून वाजवले आणि एकाचा आवाज किंचित मोठा ठेवला, तर माणसाला तोच अधिक ‘स्वच्छ’ आणि ‘भरीव’ वाटतो. विक्रेत्याला हे ठाऊक असते. नव्या औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला, हे रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही. स्पीकरची परीक्षा तशीच घ्यावी. साध्या ध्वनिमापकाने दोन्हींचा आवाज सारखा करावा, पुढे चादर बांधावी आणि ऐकणाऱ्यांना नाव न सांगता विचारावे. गाण्याबरोबर एखादी बाई आणि एखादा बाप्या यांना वर्तमानपत्रातला मजकूर वाचायला लावावा. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द कळले का, हे पाहावे.

टिकाऊपणाचे प्रश्न वेगळे आहेत. पॉवर्ड स्पीकरमध्ये प्रत्येक खोक्यापर्यंत २३० व्होल्टची वीज जाते. जुन्या पद्धतीत ती ॲम्प्लिफायरच्या टेबलापर्यंतच असे. गणपतीच्या पावसात, ओल्या मातीत रोवलेल्या लोखंडी स्टँडवर हा फरक जिवावर बेतू शकतो. म्हणून तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन तोडणे बंद व्हावे, आणि लाईनवर गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा ब्रेकर असावा. मशीन किती कमी-जास्त व्होल्टेज सोसते, जनरेटरवर चालते का, ॲम्प्लिफायरची प्लेट जळली तर ती कुठे आणि किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्यावे. भारतीय मानक ब्युरोची खूण असेल तर ती जरूर पाहावी. पण ती विजेच्या सुरक्षिततेची खूण आहे, आवाजाच्या दर्जाची नव्हे. आणि शक्य असेल तर मॉडेल बाजारात येऊन एक गणपती आणि एक लग्नसराई जाऊ द्यावी. त्यातून टिकलेल्या यंत्राबद्दल शेजारच्या तालुक्यातला साऊंडवाला जे सांगेल, ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे.

एवढे सगळे नीट पाहिले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. हा आवाज कोणाच्या कानात, किती वेळ जाणार?

आवाज आणि वेळ यांचा हिशेब ठरलेला आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जो मानदंड दिला, त्यात सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारी पोरे आणि ट्रॉलीवर बसलेला ऑपरेटर या मर्यादेत नसतात.

दुसऱ्या दिवशी कानाला दडे बसतात, घुं-घुं आवाज येतो आणि दोन दिवसांत ‘बरे’ वाटते. हे बरे होणे पूर्ण असतेच असे नाही. अंतर्कर्णातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होते. म्हणजे आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी अक्षरे निसटतात. माणूस ‘ऐकू येतंय, पण कळत नाही’ म्हणू लागतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

कायद्याकडेही पाहावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातला जो आकडा कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. मग ज्या जोरावर यंत्र वाजवायलाच मनाई आहे, त्या जोरासाठी वर्गणीचे पैसे का मोजायचे?

खरे तर चांगल्या स्पीकरची कसोटी उलटी आहे. आवाज लहान ठेवूनही शब्द शेवटच्या माणसापर्यंत स्पष्ट पोचले, तर यंत्र चांगले. एका जागी मोठी भिंत रचण्यापेक्षा चार लहान स्पीकर अंतरा-अंतरावर लावले तर पुढच्यांचे कान वाचतात आणि मागच्यांना ऐकू येते. कीर्तनाला हेच हवे, ग्रामसभेला आणि लसीकरणाच्या दवंडीलाही. १९९३ च्या भूकंपाने सास्तूरसह या पट्ट्यातली गावे उद्ध्वस्त झाली होती. संकटाच्या घडीला लोकांना सूचना कळली पाहिजे. नुसत्या दणक्याचा तिथे काय उपयोग?

आजच्या बहुतेक पॉवर्ड स्पीकरमध्ये ‘लिमिटर’ असतो, पण तो यंत्राला वाचवण्यासाठी लावलेला असतो, माणसाला नव्हे. कानासाठीची मर्यादा लावून तिला कुलूप घालता येते का, हे दुकानात विचारावे. गणेश मंडळांनी साऊंडवाल्याशी करार करताना हद्दीवरचा डेसिबलचा आकडा लिहून घ्यावा आणि मिरवणुकीत तो कोणी मोजायचा, हेही ठरवावे. ऑपरेटरला कानात घालायचे बोळे द्यावेत, त्यांची किंमत एका नारळाइतकीही नसते. कंपन्यांनी खोक्यावर सततचा वॅट आणि मोजलेला आवाज छापावा, अशी सक्ती सरकारने करावी. ती होईपर्यंत गिऱ्हाइकानेच ते आकडे मागावेत, आणि दुकानदाराला सांगता आले नाहीत तर दुसरे दुकान गाठावे.