शंभरीला पद्मश्री, चाळिशीला बाद



२०२५ च्या योगदिनी, २१ जूनला, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तीन लाख माणसं योगाला बसली, हा आकडा आठवडाभर गाजला. मला इथला एक आकडा सांगायचा आहे. लखनौच्या बख्शी का तालाब भागातल्या ज्या उद्यानात आम्ही त्या सकाळी जमलो, तिथे पासष्टीच्या पुढचे एकोणीस जण होते. त्या एकोणिसांकडे बघायला शिक्षक एकही नव्हता.

मंचावर पंचविशीचा एक मुलगा होता. अंग लवचीक, आवाज खणखणीत. त्याने माईकवरून वज्रासन सांगितलं आणि आकडे मोजायला सुरुवात केली. माझ्या शेजारच्या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदललेला आहे. सगळे बसले म्हणून त्याही बसायला गेल्या. अर्ध्यावर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, बोटं पांढरी पडली, पण तोंडातून शब्द नाही. मी उठून कडेची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांना तिच्यावर बसवलं. तेवढ्यात एक कार्यकर्ता आला आणि म्हणाला, "आंटीजी, आप लोग पीछे बैठकर देखिए, लाइन ख़राब हो रही है." आयुष मंत्रालयाच्या पुस्तिकेत आसनांखाली खबरदारी छापलेली आहे. ती माईकवरून वाचायला कितीसा वेळ लागला असता?

मी मूळची नागपूरची. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा सतरंजीवर बसले. एक पैसा न घेता तिथे शिकवतात. यजमान वायुदलात होते, शेवटची बदली इथल्या तळावर झाली आणि आम्ही इथेच घर केलं. आता मी एकाहत्तरची आहे. नऊ वर्षं पहाटे बायकांना शिकवते आहे. २०१७ मध्ये पंतप्रधान लखनौच्या रमाबाई आंबेडकर मैदानावर योगदिनाला आले, तेव्हा भर पावसात बसलेल्यांत मीही होते. योगदिनाशी माझं वैर नाही, हे कळावं म्हणून हे लिहिलं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्याच आठवड्यात जवळच्या एका संस्थेने योगशिक्षक हवेत म्हणून फलक लावला. त्यावर अट होती, वय २१ ते ४०. मी विचारायला गेले, तर टेबलामागच्या माणसाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. शिकवायचं कुणाला, असं मी विचारलं. म्हणाला, ज्येष्ठ नागरिकांच्या बॅचला.

२०२४ मध्ये याच देशाने फ्रान्सच्या शार्लोत शोपँ यांना योगशिक्षणासाठी पद्मश्री दिली. तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या. त्यांनी योग सुरू केला तोच पन्नाशीत. म्हणजे या फलकाच्या हिशोबाने त्या शिकायला लागल्या तेव्हाच शिकवायला बाद झाल्या होत्या! आमच्याच राज्यातले वाराणसीचे स्वामी शिवानंद यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते राष्ट्रपती भवनात वाकून नमस्कार करतानाचं दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. दिल्लीला शंभरीच्या माणसाला मान आणि गल्लीत २१ ते ४०, हा कुठला न्याय?

पुण्याच्या वाचकांना योगगुरू बी. के. एस. अय्यंगार मी काय सांगावे. १९७९ मध्ये, साठीत, स्कूटरच्या अपघातांनी त्यांचे खांदे आणि पाठ जायबंदी झाली आणि आयुष्यभर केलेली आसनं त्यांना पहिल्यापासून जमवावी लागली. खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी विटा ही साधनं त्यांनी रूढ केली ती ज्यांचं शरीर ऐकत नाही त्यांनाही आसन करता यावं म्हणून. पंच्याण्णवाव्या वर्षी, २०१४ मध्ये ते गेले, तोवर त्यांचा सराव चालूच होता. त्यांना चाळिशीला घरी बसवलं असतं, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाने खुर्ची पुढे ओढून काय करायचं, हे आज कोण सांगत असतं?

म्हाताऱ्या माणसाला म्हाताऱ्यानेच शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. तरुण शिक्षकाला पुस्तकातून कळतं की काचबिंदू असलेल्याने डोकं खाली घालू नये, ठिसूळ हाडं असलेल्याने पुढे जोरात वाकू नये. मला ते सकाळी पलंगावरून उठताना कळतं. टाचा भिंतीला लावून ताडासनात उभं राहायचं, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, श्वास सोडताना खांदे सोडायचे, एवढ्याला आमच्या वर्गात तीन आठवडे लागतात आणि लागू देत. २०११ च्या जनगणनेत साठीवरची माणसं १० कोटींच्या वर होती. आज किती वाढली असतील, ते आपापल्या घरात मोजावं. त्यांना शिकवायला विशीतली मुलं पुरणार नाहीत, आणि जी आहेत ती आमच्याकडे बघतही नाहीत.

आणखी एक. आमचा वर्ग भरतो त्या उद्यानाचं फाटक सहाला उघडतं. जूनमध्ये लखनौला सूर्य सव्वापाचलाच वर येतो आणि सातला ऊन अंगाला लागतं. २१ तारखेला पाहुणे येणार म्हणून मात्र तेच फाटक पहाटे चारला सताड उघडं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप! चौकीदाराला विचारलं, तर वरून हुकूम नाही म्हणतो. सीतापूर रोडच्या कडेने, ट्रकचा धूर खात, आम्ही पाऊण तास फाटकासमोर उभ्या असतो. सगळ्यात पुढे त्या गुडघेवाल्या बाई असतात. घरून घडीची खुर्ची घेऊन येतात.

— एक योगशिक्षिका, बख्शी का तालाब, लखनौ